गॅसने आग विझवायची तर आधी खोली ओळखा

सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात उभे असलेले लाल सिलिंडर पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "हा गॅस सुटला आणि मी आत असलो तर?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सिलिंडरमध्ये कोणता गॅस आहे आणि किती आहे, यावर अवलंबून असतं. पण दुसरा एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो फारसं कोणी विचारत नाही: सुटलेला गॅस या खोलीत टिकेल का?

मी या यंत्रणा बसवून चालू करून देण्याचं आणि नंतर त्यांच्या तपासण्या करण्याचं काम करतो. सिलिंडर भरलेले, पाइप नवे, पॅनेलवर हिरवा दिवा, आणि तरीही आग विझणार नाही अशा खोल्या मी पाहिल्या आहेत. ज्यांच्याकडे अशी एखादी खोली नव्याने सोपवली गेली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. हे वाचून कोणी डिझायनर होणार नाही. पण डिझायनरला काय विचारायचं आणि कोणत्या उत्तरावर समाधान मानायचं नाही, हे नक्की कळेल.

पायरी १: काय जळणार आहे, ते आधी पाहा

गॅस वापरायचं कारण साधं आहे. पाण्याने चालू वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही बिघडतात. ड्राय पावडरने आग विझते, पण ती पावडर सर्किट बोर्डच्या फटीफटीत शिरते आणि पुढे गंज धरवते. गॅस वीज वाहून नेत नाही, बंद कॅबिनेटच्या आतही पोहोचतो आणि मागे पुसायला काही ठेवत नाही. म्हणून सर्व्हर रूम, कंट्रोल रूम, टेलिफोन एक्स्चेंज, संग्रहालयाचं भांडार, जुन्या कागदपत्रांची दालनं अशा ठिकाणी तो शोभतो.

काही आगींपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. सोडियम, मॅग्नेशियमसारखे धातू पेटले तर हे गॅस उपयोगाचे नाहीत. ज्या रसायनांमध्ये ऑक्सिजन आतच असतो, उदाहरणार्थ सेल्युलोज नायट्रेटची जुनी फिल्म, ती हवेशिवायही जळत राहतात. घट्ट रचलेल्या कागदाच्या गठ्ठ्यात खोलवर धुमसणारी आगही वरवर विझते आणि आत जिवंत राहते.

आणि आता प्रत्येक यूपीएस रूममध्ये शिरलेली लिथियम-आयन बॅटरी. इथे जरा थांबतो. सेलच्या आतली रासायनिक प्रक्रिया एकदा बेलगाम झाली की बाहेरचा गॅस फार तर ज्वाळा विझवतो. सेल तापतच राहतात, शेजारच्या सेलना तापवतात आणि ज्वलनशील वायू सोडत राहतात. १९ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात, सरप्राइझ शहरातल्या एका बॅटरी साठवण केंद्रात हेच घडलं. क्लीन एजंट, म्हणजे मागे काही न ठेवणारा आग विझवणारा गॅस, सुटला होता. तरी आत वायू साचत गेले आणि सुमारे तीन तासांनी दार उघडल्यावर स्फोट होऊन अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले. म्हणून खोलीत लिथियमच्या बॅटऱ्या असतील तर "गॅस लावलाय ना" या भरवशावर राहू नका. बॅटऱ्या वेगळ्या खोलीत ठेवणं, साचणारा वायू बाहेर काढणं आणि थंड करण्यासाठी पाणी, यांचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा.

पायरी २: आत माणसं असतात का?

या प्रश्नाचं उत्तर "क्वचित" असं आलं, तर ते "हो" समजा. रात्री केबल ओढायला येणारा तंत्रज्ञ आणि सकाळी झाडलोट करणाऱ्या ताई हीसुद्धा माणसंच आहेत.

कार्बन डायऑक्साइड हा आग विझवणारा जुना, स्वस्त आणि प्रभावी वायू. पण खोली भरून आग विझवायला तो किमान ३४ टक्के लागतो, आणि माणूस १० टक्क्यांनाच काही मिनिटांत शुद्ध हरपतो. त्याहून बरंच जास्त प्रमाण झालं तर एखाद्या मिनिटात जीव जाऊ शकतो. ऑक्सिजन कमी होतो हे त्याचं एकमेव कारण नाही. हा वायू स्वतःच शरीराला विषारी ठरतो. २८ जुलै १९९८ रोजी अमेरिकेतल्या आयडाहो इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत विजेच्या देखभालीचं काम चालू असताना कार्बन डायऑक्साइडची यंत्रणा कोणत्याही इशाऱ्याविना सुटली. एक कर्मचारी दगावला, काही जण मरता मरता वाचले. यंत्रणा पॅनेलवरून निष्क्रिय केली होती, पण वायूची वाट प्रत्यक्ष कुलूप लावून बंद केली नव्हती. ही गोष्ट गाठीशी बांधून ठेवा, पुढे लागणार आहे. ज्या खोलीत माणसांचा नेहमी वावर आहे तिथे खोली भरून टाकणारी कार्बन डायऑक्साइड यंत्रणा बसवायची नसते. कोणी स्वस्तात बसवून देतो म्हणाला तरी नाही.

८ नोव्हेंबर २००८ रोजी रशियाच्या 'नेर्पा' पाणबुडीत, समुद्रातल्या चाचणीच्या वेळी, आग नसतानाच अग्निशामक वायू सुटला आणि २० माणसं गेली. आगीने गेली नाहीत, आग विझवणाऱ्या यंत्रणेने गेली. गॅसची यंत्रणा हाताळणाऱ्याच्या मनात हा विचार सतत जागा असायला हवा.

माणसं असलेल्या जागेसाठी दोन आकडे कळीचे आहेत. एक, जितक्या प्रमाणापर्यंत शरीरावर कोणताही अपाय दिसून आला नाही ती मर्यादा. दुसरा, अपाय पहिल्यांदा दिसला ते प्रमाण. हॅलोकार्बन जातीच्या, म्हणजे फ्लोरिनसारखी मूलद्रव्यं असलेल्या कार्बनी रसायनांच्या, गॅसांमध्ये हा अपाय म्हणजे मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता. घाबरल्यावर शरीरात अॅड्रेनलिन वाढतं, आणि हा गॅस जास्त प्रमाणात असेल तर हृदय त्या अॅड्रेनलिनला नको इतकं संवेदनशील होतं. आगीच्या वेळी घाबरलेला नाही असा माणूस कुठून आणणार? म्हणून या मर्यादेला फार किंमत आहे. एफएम-२०० या अशाच गॅससाठी (त्याची ओळख पुढच्या पायरीत) ती ९ टक्के आणि अपाय दिसण्याची पातळी १०.५ टक्के आहे. नोव्हेक १२३० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एफके-५-१-१२ साठी ती १० टक्के. नायट्रोजन-आरगॉनसारख्या निष्क्रिय वायूंसाठी ४३ टक्के, म्हणजे खोलीत ऑक्सिजन सुमारे १२ टक्के उरतो तोवर. या मर्यादांच्या आतसुद्धा पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ आत राहण्याची योजना करायची नसते. यंत्रणा सुरक्षित आहे याचा अर्थ बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळतो, एवढाच.

पायरी ३: गॅस निवडा

एके काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. हॅलॉन १३०१ पाच टक्क्यांना आग विझवायचा, माणसाला सोसवायचा आणि जागाही थोडी घ्यायचा. ज्वाळेतली रासायनिक साखळीच तो तोडायचा. पण त्यातलं ब्रोमिन ओझोनच्या थराला खात होतं. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९४ पासून थांबलं. विमानांत तो आजही आढळतो, कारण तिथे त्याच्या तोडीचा पर्याय बसवणं अवघड गेलं. तुमच्या ताब्यात आलेल्या एखाद्या जुन्या इमारतीत हॅलॉनचा सिलिंडर सापडला, तर तो हवेत सोडून रिकामा करू नका. तो गोळा करून पुन्हा वापरण्याची व्यवस्था असते, तिकडेच पाठवा.

आज निवड होते ती मुख्यतः तिघांत.

एफएम-२००, म्हणजेच एचएफसी-२२७ईए, बहुतेक जुन्या-नव्या सर्व्हर रूममध्ये दिसतो. तो प्रामुख्याने ज्वाळेतली उष्णता शोषून आग विझवतो. सिलिंडरमध्ये द्रवरूपात, वर नायट्रोजनचा दाब देऊन भरलेला असतो आणि सुटल्यावर १० सेकंदांत खोली भरतो. जागा कमी लागते, ही त्याची जमेची बाजू. ओझोनला त्याचा धोका नाही, पण पृथ्वी तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजार पटींहून जास्त आहे. मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार अशा एचएफसींचा (हायड्रोफ्लुओरोकार्बन वायूंचा) वापर जगभर टप्प्याटप्प्याने कमी होतोय. आज नवी यंत्रणा घेणाऱ्याने दहा-पंधरा वर्षांनी रीफिल कुठून आणि काय भावाने मिळेल, हे आजच विचारावं.

एफके-५-१-१२ हा खोलीच्या तापमानाला चक्क पाण्यासारखा दिसणारा द्रव आहे. उकळतो ४९ अंश सेल्सियसला, पण बाष्प होण्याचा वेग इतका की हातावर ओतला तर ओल मागे राहत नाही. हवेत तो काही दिवसांतच विघटित होतो, त्यामुळे तापमानवाढीचा हिशेब जवळजवळ शून्य. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. नोव्हेक बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ अखेर आपण पीएफएएस गटातल्या, म्हणजे निसर्गात सहज न विरघळणाऱ्या फ्लोरिनयुक्त, रसायनांचं उत्पादन थांबवू, आणि नोव्हेक १२३० त्याच गटात मोडतं. हाच द्रव इतर उत्पादकही बनवतात, त्यामुळे तो बाजारातून नाहीसा झाला असं नाही. पण कोणाचा गॅस कोणाच्या सिलिंडरमध्ये भरायला मान्यता आहे, हे लेखी मागा.

तिसरे निष्क्रिय वायू. आयजी-१०० म्हणजे निव्वळ नायट्रोजन, आयजी-०१ म्हणजे आरगॉन, आयजी-५५ म्हणजे दोन्ही निम्मे निम्मे. आयजी-५४१ मध्ये ५२ टक्के नायट्रोजन, ४० टक्के आरगॉन आणि ८ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. हा कार्बन डायऑक्साइड मुद्दाम घातलेला आहे. तो खोलीत सुमारे तीन टक्क्यांपर्यंत पोहोचतो आणि शरीराला खोल श्वास घ्यायला लावतो, म्हणजे कमी ऑक्सिजनमध्येही मेंदूला पुरवठा होत राहतो. हे वायू हवेतूनच येतात आणि हवेतच परत जातात, ज्वाळेत त्यांचं विघटन होऊन काही तयार होत नाही. अडचण जागेची. ते २०० किंवा ३०० बार दाबाने, पण वायुरूपातच साठवलेले असतात, त्यामुळे सिलिंडरांची रांगच लागते. फायदा असा की ही रांग खोलीपासून बरीच दूर ठेवता येते. हॅलोकार्बनला तसं जमत नाही. १० सेकंदांत पोहोचायचं तर पाइप आखूड हवा.

माझं मत विचाराल तर खोलीत माणसांचा वावर जास्त आहे, सिलिंडर ठेवायला जागा आहे आणि यंत्रणा वीस वर्षं चालवायची आहे, तर मी निष्क्रिय वायूकडे झुकेन. जागेची अडचण असेल तर एफके-५-१-१२.

पायरी ४: खोली मोजा, मग गॅस मोजा

नवखे इथेच चुकतात, आणि चूक बेरजेची असते.

समजा खोली ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद, २.५ मीटर उंच आहे. आकारमान १०० घनमीटर. पण पायाखाली ०.४ मीटरचा फॉल्स फ्लोअर आहे, त्याचे १६ घनमीटर. डोक्यावर ०.६ मीटरचा फॉल्स सीलिंग आहे, त्याचे २४. एसीची थंड हवा फरशीखालून येते आणि छतातून परत जाते, म्हणजे तिन्ही जागा एकमेकींना जोडलेल्या आहेत. खरं आकारमान १४० घनमीटर.

हॅलोकार्बनचं सूत्र असं: गॅसचं वजन = (आकारमान ÷ बाष्पाचं विशिष्ट घनफळ) × (प्रमाण ÷ (१०० − प्रमाण)). एफएम-२०० च्या बाष्पाचं विशिष्ट घनफळ २० अंशांना किलोमागे ०.१३७२ घनमीटर. ७ टक्के प्रमाण धरलं, तर १०० घनमीटरला सुमारे ५५ किलो आणि १४० ला सुमारे ७७ किलो गॅस लागतो. आता कोणी फक्त वरची खोली मोजून ५५ किलो लावला, तर तो १४० घनमीटरमध्ये पसरून जेमतेम ५.१ टक्के होईल. कागदावर यंत्रणा आहे, आगीसमोर ती नाही. तुमच्या डिझाइनच्या कागदावर आकारमान कुठे लिहिलंय ते शोधा आणि स्वतः टेप घेऊन एकदा मोजा. फरशीची एक टाइल उचलून खालीही टेप सोडा.

हेच १४० घनमीटर एफके-५-१-१२ ने ४.५ टक्क्यांवर भरायला सुमारे ९२ किलो लागतात. हे ७ आणि ४.५ टक्के एनएफपीए २००१ या अमेरिकी मानकाच्या जवळचे आकडे आहेत. आयएसओ १४५२० या आंतरराष्ट्रीय मानकात अशाच आगीसाठी ते अनुक्रमे ७.९ आणि ५.३ आहेत. तुमच्या कामाला कोणतं मानक लागू आहे ते सुरुवातीलाच ठरवा. अर्धं याचं, अर्धं त्याचं करू नका.

निष्क्रिय वायूचं गणित वेगळं आहे, कारण तो आत येताना हवेला बाहेर ढकलतो आणि त्या हवेबरोबर थोडा स्वतःही जातो. ३७ टक्क्यांसाठी १४० घनमीटरला सुमारे ६५ घनमीटर वायू लागतो. ८० लिटरच्या, २०० बारच्या एका सिलिंडरमध्ये तो साधारण १६ घनमीटर मावतो. चार सिलिंडर थोडक्यात कमी पडतात. मग पाचवा लावून टाकू, असं कोणीही म्हणेल. पण पाच सिलिंडर म्हणजे ८० घनमीटर, आणि त्याने प्रमाण ४३.५ टक्क्यांवर जातं. माणसांची मर्यादा ४३! "असू दे जरा जास्त" हा घरगुती हिशेब इथे चालत नाही. सिलिंडरचा आकार किंवा भरण्याचा दाब बदलून आकडा जुळवावा लागतो.

तापमानाचंही असंच. गॅस किती घ्यायचा हे खोलीच्या सर्वांत कमी तापमानाला काढतात, आणि माणसांची मर्यादा ओलांडत नाही ना हे सर्वांत जास्त तापमानाला तपासतात, कारण उष्ण हवेत तोच गॅस जास्त फुगतो. आपले ७७ किलो ४० अंशांना ७.५ टक्के भरतात, म्हणजे ९ च्या आत आहोत. जागा समुद्रसपाटीपासून बरीच उंच असेल तर गॅस कमी लागतो, तीही दुरुस्ती करायची असते.

पायरी ५: खोली बंद करा

एफएम-२०० हवेच्या जवळजवळ सहा पट जड, एफके-५-१-१२ जवळजवळ अकरा पट. हवेत मिसळल्यावर हे मिश्रण फटींमधून खाली वाहून जातं आणि वरून साधी हवा आत येते. म्हणजे गॅसची पातळी टाकीतल्या पाण्यासारखी हळूहळू खाली उतरते, आणि रॅकचा माथा सर्वांत आधी उघडा पडतो. नियम असा की संरक्षण द्यायच्या सर्वांत उंच वस्तूच्या पातळीवर, ठरवलेल्या प्रमाणाच्या किमान ८५ टक्के गॅस १० मिनिटं टिकला पाहिजे. तेवढ्यात तापलेली वस्तू निवते आणि मदतीला माणसं पोहोचतात.

हे तपासायला गॅस सोडावा लागत नाही. दारात एक मोठा पंखा बसवून खोलीत दाब निर्माण करतात आणि हवा किती गळते ते मोजतात. याला डोअर फॅन टेस्ट म्हणतात. मला या कामातली ही सर्वांत आवडती तपासणी आहे, कारण इथे खोली स्वतःचं गुपित सांगते. एका तपासणीत टिकण्याचा वेळ चार मिनिटांच्या आत आला. आदल्या वर्षी हीच खोली बारा मिनिटांनी पास झाली होती. पंखा चालू ठेवून धुराची कांडी घेऊन भिंतीच्या कडेकडेने फिरलो. दाराखाली काही नाही, डँपरपाशी (एसीच्या डक्टमधल्या झडपेपाशी) काही नाही. शेवटच्या रॅकच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर, धुराची रेघ एकदम आडवी झाली आणि भिंतीत शिरली. टॉर्च मारला तर मूठ जाईल एवढं भोक, त्यातून दोन नव्या निळ्या केबल, आणि फट बुजवायला कोंबलेला पुठ्ठा. केबल टाकणाऱ्याने आपलं काम नेटकं केलं होतं. ते भोक कोणाची जबाबदारी आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून दारावर एक पाटी लावा: या भिंतीला भोक पाडण्याआधी अमुक व्यक्तीला सांगणे. आणि केबलच्या भोकांत अग्निरोधक सीलंटच भरा. पुठ्ठा, चिंध्या किंवा फोमचा तुकडा नको.

उलट बाजूही आहे. खोली इतकी घट्ट केली आणि गॅसचा लोंढा आला, तर दाब जाणार कुठे? निष्क्रिय वायू सुटताना भिंत किंवा सीलिंग फुटू शकतं. म्हणून दाब वाढला की उघडणारी आणि उतरला की मिटणारी झडप भिंतीत बसवतात. ती मोकळ्या हवेकडे उघडते की शेजारच्या बंद खोलीत, हे पाहा. हॅलोकार्बनच्या बाबतीत सुरुवातीला गॅस एकदम थंड होतो आणि क्षणभर खोलीत दाब कमीही होतो, म्हणून तिथे झडप दोन्ही दिशांचा विचार करून निवडतात.

पायरी ६: इशारा आणि क्रम

धूर ओळखणारा डिटेक्टर एकच असेल तर धुळीने किंवा वाफेनेही गॅस सुटेल. म्हणून दोन वेगवेगळ्या झोनचे डिटेक्टर लावतात. पहिला बोलला की फक्त अलार्म आणि माणूस पाहायला जातो. दुसराही बोलला की हूटर, दारावरचा लाल दिवा आणि उलटी गणती सुरू, बहुधा ३० सेकंदांची. तेवढ्यात एसी बंद, डँपर बंद, दार आपोआप मिटायला हवं. एसी चालू राहिला तर तो गॅस ओढून बाहेर नेईल, आणि मग सिलिंडर कितीही भरलेले असोत.

दाराशी दोन बटणं असतात. एक गॅस हाताने सोडायचं, दुसरं गणती थांबवायचं. ती दिसायला वेगळी, रंगाने वेगळी आणि एकमेकांपासून दूर हवीत. घाईत हात चुकतो. थांबवायचं बटण बहुतेक यंत्रणांत धरून ठेवावं लागतं, सोडलं की गणती पुढे चालू. हे आत काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहिलेलं असावं.

आग विजेमुळे लागली असेल तर वीज तोडणं हाही या क्रमाचा भाग आहे. वीज चालू राहिली तर तीच जागा पुन्हा तापते, आणि गॅस ओसरला की आग परत पेटते.

पायरी ७: आवाजाचा विचार

सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये चाचणी म्हणून निष्क्रिय वायू सोडला गेला. आग नव्हती. तरी नोझलमधून निघालेल्या प्रचंड आवाजाच्या कंपनांनी हार्ड डिस्क खराब झाल्या आणि बँकेच्या सेवा तासन्‌तास बंद पडल्या. फिरत्या डिस्क आवाजाने हादरतात. त्यामुळे नोझलचं तोंड थेट रॅककडे नको, शक्य तर कमी आवाजाचे नोझल घ्यावेत. निष्क्रिय वायूंचा सुटण्याचा वेळ ६० सेकंदांऐवजी १२० सेकंद ठेवायला मानकं काही आगींसाठी परवानगी देतात, तेही विचारून पाहा. हॅलोकार्बनला मात्र १० सेकंदांची मर्यादा सैल करता येत नाही. आगीशी जितका जास्त वेळ संपर्क, तितका त्याच्यातून हायड्रोजन फ्लुओराइड हा जळजळीत विषारी वायू जास्त तयार होतो.

पायरी ८: काम करण्याआधी कुलूप

आयडाहोची गोष्ट इथे परत येते. खोलीत वेल्डिंग, ड्रिलिंग किंवा पॅनेलचं काम निघालं की फक्त स्क्रीनवर "निष्क्रिय" करून थांबू नका. सिलिंडरच्या डोक्यावरचा सोलेनॉइड (विजेच्या इशाऱ्याने व्हॉल्व्ह उघडणारा भाग) काढून ठेवा, किंवा वायूच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप घाला आणि चावी काम करणाऱ्याच्या खिशात द्या. एकट्या पॅनेलवर जीव टांगू नये. काम संपलं की परत जोडण्याची जबाबदारी नावानिशी लिहून ठेवा. सोलेनॉइड काढलेलाच विसरल्याने महिनोन्‌महिने नुसत्या शोभेला उभे राहिलेले सिलिंडरही मी पाहिले आहेत.

पायरी ९: देखभाल

दर सहा महिन्यांनी हॅलोकार्बनचं वजन आणि दाब पाहायचा. वजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त घटलं किंवा तापमानाचा हिशेब धरून दाब १० टक्क्यांपेक्षा जास्त उतरला, तर सिलिंडर भरायचा किंवा बदलायचा. गेजवरचा काटा हिरव्यात आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. तो प्रामुख्याने वरच्या नायट्रोजनचा दाब दाखवतो, आत द्रव किती उरलाय ते सांगत नाही. निष्क्रिय वायूत मात्र दाब हेच मोजमाप, आणि तिथे ५ टक्क्यांपेक्षा जास्त घट चालत नाही.

डोअर फॅन टेस्ट वर्षातून एकदा, आणि भिंत, दार, छत यांना कोणी हात लावला की लगेच. खोलीच्या मध्ये नवं पार्टिशन घातलं गेलं तर सगळं गणित पुन्हा, कारण एका बाजूला गॅस जास्त होईल आणि दुसऱ्या बाजूला नोझलच उरणार नाही.

पायरी १०: गॅस सुटला, आता काय

बाहेर या, दार लावा, बाहेरच राहा. अग्निशमन दलाला कळवा आणि कोणता गॅस आहे ते आधी सांगा. हॅलोकार्बन सुटताना हवेतल्या बाष्पाचं दाट धुकं होतं, सीलिंगच्या टाइल उडतात, कागद उडतात. आत असलेल्या माणसाला तो धूर वाटतो आणि तो गोंधळून दार चुकतो. म्हणूनच बाहेर पडण्याची वाट सराव करून अंगवळणी पडलेली हवी.

दहा मिनिटं झाली म्हणून कुतूहलाने दार उघडू नका. उघडलं की साठलेला गॅस जमिनीवरून बाहेर वाहतो, हवा आत शिरते आणि धुमसतं काही उरलं असेल तर ते पुन्हा पेटतं. आत जायचं ते श्वसनयंत्र लावलेल्या प्रशिक्षित माणसांनी. मग यांत्रिक पंख्याने हवा बाहेर काढायची, फॉल्स फ्लोअरखालचीसुद्धा. जड गॅस तिथेच तळाला बसतो आणि दोन दिवसांनी टाइल उचलून खाली वाकणाऱ्याच्या नाकाशी येतो. ऑक्सिजन मोजणारं यंत्र खाली सोडून आकडा २०.९ च्या जवळ आला, की मगच खोली कामासाठी उघडा. त्याच दिवशी रिकाम्या सिलिंडरच्या जागी भरलेले मागवा, आणि ते येईपर्यंत त्या खोलीवर चोवीस तास माणूस बसवा.